दोन्ही माद्याच आहेत, असं दुकानदार म्हणाला होता

2022 च्या पावसाळ्यात लेकीच्या वाढदिवसाला आम्ही दोन गिनी पिग आणले. दुकानदार म्हणाला, "दोनों फीमेल हैं भाभीजी, कोई टेन्शन नहीं." एक पांढरा-पिवळा म्हणून त्याचं नाव पोहा, दुसरी नारिंगी म्हणून जलेबी. इंदूरची मुलगी, अजून काय नावं ठेवणार. तारेचा पिंजरा, तळालाही तारच, गॅलरीत ठेवला आणि आम्ही खूश. तीन महिन्यांनी एका सकाळी चिऊ ओरडत आली, आई पिंजऱ्यात पाच आहेत!

पोहा नर होता.

पिल्लं बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या, अगबाई, ही तर केस विंचरूनच जन्माला आलीत. खरंच, उंदरासारखी लालबुंद आंधळी पिल्लं नाहीत ही, अंगभर केस, डोळे टक्क उघडे, दात सुद्धा असतात, आणि दुसऱ्याच दिवशी आईच्या बाजूला बसून कोथिंबिरीचं पान कुरतडायला लागली. दोन-सव्वादोन महिने पोटात काढून येतात म्हणून इतकी तयार. हे सगळं कौतुक चालू असताना मला एक गोष्ट माहीत नव्हती, ती म्हणजे मादी बाळंत झाल्यावर काही तासांतच परत माजावर येते. मी पोहाला वेगळं काढलं ते दुपारी, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, नऊ आठवड्यांनी अजून तीन. दोनाचे आठ झाले. पहिल्या खेपेचे जिरावन, गराडू, उसळ, दुसऱ्या खेपेचे शिकंजी, साबू, मावा. ह्यांनी विचारलं, छप्पन दुकानचं (इंदूरची खाऊगल्ली) मेन्यू कार्ड पूर्ण करायचंय का.

मग मी बसून शिकले. नर-मादी कसं ओळखायचं (मादीचं इंग्रजी वायसारखं दिसतं, नराचं टिंब आणि खाली रेघ, पिल्लात पटकन कळत नाही, दहा वेळा बघावं लागतं). नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आईबहिणींपासून काढायचं, नाहीतर घरातल्या घरातच पुढची पिढी. जिरावन आणि नंतर मावा असे दोघं पोहाबरोबर वेगळे ठेवले, पोहाचं ऑपरेशन करून घेतलं. ऑपरेशनच्या आधी कुत्र्या-मांजरासारखं ह्यांना उपाशी ठेवायचं नसतं, ह्यांना उलटीच होत नाही आणि पोट रिकामं राहिलं की आतडं थांबतं. आणि ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळं असं पण नाही, पुढचे सहा आठवडे तो बाप होऊ शकतो असंच धरून चालायचं. जिरावन-मावा ही भावांची जोडी नणंदेकडे देवासला गेली आणि आमच्याकडे राहिले सहा, पोहा आणि त्याच्या पाच बाया.

सहा जनावरं गॅलरीत? वास, लेंड्या, आणि तारेच्या तळामुळे जलेबीच्या तळपायाला लाल चट्टे पडलेले. लोकमान्यनगरातलं आमचं घर जुनं, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, मागे बरंच अंगण, एक पेरूचं झाड, तुळस, मोगरा, आणि बाकी सगळीकडे दूर्वा माजलेल्या. माळी दर महिन्याला येऊन कापून जायचा, दोनशे रुपये. एक दिवस मला वाटलं, अरे आपण माळ्याला पैसे देऊन गवत कापून घेतोय आणि ह्यांच्यासाठी पैसे देऊन गवत मागवतोय, डोकं आहे का आपल्याला?

पण मोकळं सोडायचं म्हणजे दार उघडून "जा" असं नसतं हो. आधी झाडं. कण्हेर मुळासकट काढली, ती विषारी, सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी कारण देवाला फुलं तिचीच असायची. अळू काढला. कुंपणाचं एक मजेशीर आहे, गिनी पिगला धड उडी मारता येत नाही, चढता येत नाही, ससा खणतो तसं बीळ पण खणत नाही, त्यांना अडवायला दीड फुटाची फळी पुरे. कुंपण असतं ते बाकीच्यांना अडवायला. आमच्याकडे मांजरं तीन, मुंगसाची एक जोडी मागच्या नाल्यातून येते, वर घारी, आणि हिवाळ्यात शिक्रा. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी पहिल्यांदा लावली ती चूक, ती पातळ असते, कुत्र्यानं पंजा मारला की फाटते, म्हणून मग अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आणली, खाली एक फूट जमिनीत गाडली, मुंगूस खणतो म्हणून तळाशी विटा. वरून क्रिकेटच्या प्रॅक्टिसची जुनी नेट. रात्रीची खोली विटांची, जमिनीपासून थोडी उचललेली, वरती कवेलू (कौलं), दाराला कडी. गवंडी विचारत होता, "भाभी, मंदिर बना रहे हो क्या?"

आत लपायच्या जागा. कळपाला मोकळी जागा कितीही द्या, डोक्यावर काही नसेल तर ती जागा त्यांच्यासाठी नाहीच, मधल्या मैदानात कोणी पाय ठेवत नाही. आडवे टाकलेले फुटके माठ, उपड्या बांबूच्या टोपल्या, आंब्याच्या पेट्या, सहा इंची पाइपाचे तुकडे. आणि प्रत्येकाला दोन दारं. एकच दार असलं की जलेबी दारात ठाण मांडून बसते आणि आतली बिचारी अडकते. पाण्याच्या बाटल्या दोन ठिकाणी, खाणं तीन ठिकाणी, नाहीतर शिकंजीसारखी दुबळी उपाशी राहते आणि तुम्हाला कळत पण नाही.

2023 ची दिवाळी झाली, फटाके संपले, आणि मग सोडले. मी, चिऊ, सासूबाई आम्ही ओटल्यावर चहा घेऊन बसलो की आता काय मजा येईल. चाळीस मिनिटं काहीही झालं नाही! सहाच्या सहा एका टोपलीखाली. चहा संपला, सासूबाई उठून आत गेल्या. मग जलेबीचं नाक बाहेर आलं, नुसतं नाक, मग मान, एक दूर्वेचं पातं ओढलं, आत गेली. परत आली. तिसऱ्यांदा ती भिंतीला चिकटून चालायला लागली आणि तिच्यामागे गराडू, तिच्यामागे उसळ, शिकंजी, साबू, एकामागे एक आगगाडीसारखे, सगळ्यात शेवटी पोहा, मालगाडीच्या गार्डसारखा. पेरूच्या झाडापर्यंत गेले आणि कोणीतरी शिटी वाजवावी तसे सगळे वळून परत टोपलीत.

दोन आठवड्यांत गवतात रस्ते पडले. हे मला फार आवडलं. जेमतेम चार बोटं रुंद, गवत दबून गुळगुळीत झालेले, खोलीपासून माठ, माठापासून भिंत, भिंतीपासून पेरू. रोज तेच रस्ते, एक फूट वाचवण्यासाठी सुद्धा मधून जात नाहीत. मी एक टोपली हातभर सरकवली तर साबू जुन्या जागेवर येऊन थांबली, इकडे तिकडे बघितलं, आणि मग पळत नव्या जागी. आणि खाताना जवळ बसलं की तो आवाज, सहा तोंडांचा कुरुकुरु, कुरुकुरु. ह्यांचे दात जन्मभर वाढत राहतात, गवतानंच झिजतात, त्यामुळे खाण्यात मुख्य गवतच पाहिजे, भाजी वरून थोडी. पिंजऱ्यात असताना आम्ही दाणे जास्त घालायचो, लठ्ठ झाले होते नुसते.

पिंजऱ्यात ह्यांचे दोनच आवाज ऐकले होते, भूक लागली की व्हीक-व्हीक आणि हातात घेतलं की गप्प. बाहेर आल्यावर कळलं की ही मंडळी दिवसभर बोलतात. चालताना बारीक चुक-चुक चालूच असतं, कोण कुठे आहे ते कळायला असावं. पोहाला लाड आले की तो ढुंगण हलवत हळूहळू चालतो आणि घुर्रर्र असा मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखा आवाज काढतो. जलेबीला राग आला की दात वाजवते. घारीची सावली पडली की एक छोटंसं ड्रर्र, आणि सगळे जागच्या जागी पुतळे, पान सुद्धा तोंडात तसंच. आमच्या कुकरच्या शिटीला पण पुतळे व्हायचे सुरुवातीला, नंतर सोडून दिलं. थंडीच्या सकाळी कोवळं ऊन आलं की पिल्लंच काय, म्हाताऱ्या बाया सुद्धा जागेवरून लाह्या फुटल्यासारख्या टणाटण उडतात, काही कारण नाही, नुसतं उडायचं.

चिऊचं मात्र वेगळंच झालं. पिंजऱ्यात असताना ते मांडीवर बसायचे, आता हात लावू देईनात. ती रडली, मला म्हणाली, तू त्यांना जंगली केलंस. मला पण वाईट वाटलं, पण खरं सांगू का, मांडीवर गप्प बसायचे ते प्रेमानं नव्हे, बऱ्याचदा भीतीनं गोठलेले असायचे, हे बाहेरचं वागणं बघून कळतं. आता ते स्वतःहून येतात, खाणं असलं तरच येतात, आणि घेऊन पळतात. चिऊनं मग एक ट्रिक काढली, स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवायचा, सिमला मिरचीचे तुकडे फक्त तेव्हाच आणि फक्त रात्रीच्या खोलीत. आठवड्यात शिकले. संध्याकाळी साडेसहाला ताटली वाजली की कुठून कुठून सगळे आपापल्या रस्त्यानं पळत खोलीत. पकडायची गरजच नाही. मिरची पण अशी तशी नाही, माणसासारखंच ह्यांच्या शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही, रोज पोटात जावंच लागतं, नाहीतर सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं. पाण्यात थेंब टाकायचे विकत मिळतात पण पाण्यात ते लवकर उडून जातं. सिमला मिरची, कोथिंबीर, आवळ्याची फोड, पेरू, ह्यानं काम होतं. हे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचे, पेरू देश वगैरे, गिनीचा पण संबंध नाही आणि पिगचा पण नाही. चिऊ शाळेत सांगून आली की आमचे पेरूचे आहेत म्हणून त्यांना पेरू आवडतो. सासूबाईंनी विचारलं, तिथले लोक पाळतात का? मी सांगितलं, पाळतात आणि खातात. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं सगळ्यांना कोथिंबीर घातली.

आता वाईट भाग. 2024 चा मार्च, पहिला आठवडा. उज्जैनला लग्न होतं, सकाळी नऊला निघालो, हवा छान होती, बाहेर सोडून गेलो, सावली आहे, पाणी आहे, काय होतंय. ह्यांना अठरा ते चोवीस डिग्री मानवतं, सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर त्रास सुरू होतो, हे मी वाचलेलं होतं, पण डोक्यात "उन्हाळा" म्हणजे एप्रिल-मे. आणि दुसरी चूक, एका पेटीवर पाऊस लागू नये म्हणून मी पत्र्याचा तुकडा ठेवला होता. सकाळी ती पेटी पेरूच्या सावलीत असते, दुपारी दोनला नाही. पाचला परत आलो, पाच जण माठांत आणि भिंतीच्या सावलीत लांब पसरलेले, धापा टाकत. उसळ त्या पेटीत होती. आडवी, तोंडाला लाळ, कान गरम. ओल्या फडक्यात गुंडाळली, बर्फ नाही लावायचा एवढं माहीत होतं, साधं पाणी पाय-कानांना लावलं, ह्यांनी स्कूटर काढली, दवाखान्याच्या आधीच गेली. पत्र्याला मी हात लावून बघितला तेव्हा सहा वाजले होते आणि तो अजून कोमट होता.

तेव्हापासून आमचं कॅलेंडर ठरलं. दिवाळी ते फेब्रुवारी अखेर पूर्ण दिवस बाहेर. रंगपंचमीची गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक) निघते तोपर्यंत फक्त सकाळ. एप्रिल, मे, जून खालच्या कोट्याच्या फरशीच्या खोलीत, कूलर, ओलं पोतं, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, आणि पहाटे साडेपाच ते साडेसात अंगण. म्हणे माळव्यातल्या रात्री गार, मे महिन्यात एक्केचाळीस-बेचाळीसमध्ये भाजून निघालेल्या भिंतींना कोणी ते सांगितलेलं नाही.

पावसाळा मला उन्हाळ्यापेक्षा जास्त कटकटीचा वाटतो. आपली काळी माती, एक सर आली की लोणी. ओल्यात बसले की पायाला फोड, कातडीला नायटा, आणि सगळ्यात घाण म्हणजे माश्या, ओल्या मळक्या केसांत अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या. म्हणून पावसात रोज प्रत्येकाला उलटं करून मागची बाजू बघायची, चिऊ हे काम करत नाही, मीच करते. शिकंजीला एकदा खाजेचे किडे झाले होते, मानेचे केस गेले, डॉक्टरांनी वजन करून आयव्हरमेक्टिन दिलं, अंदाजे देऊ नका म्हणाले. डॉक्टरांवरून आठवलं, जिरावन आमच्याकडे होता तेव्हा त्याच्या मानेला गळू झालं होतं आणि एका डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. रात्री नऊला त्यांचाच फोन, दिलं का? नाही ना? देऊ नका, मी आत्ता बघितलं, ह्यांच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात त्यानं, जीव जाऊ शकतो, उद्या दुसरं देतो. मी त्यांना अजून मानते.

चाऱ्याचं सांगायचं राहिलं. हिवाळ्यात दूर्वा कमी पडल्या तर गाईंसाठी चारा विकणाऱ्या बाईकडून पेंडी घेते. पहिल्यांदा तिनं विचारलं, "गाय पाली है क्या?" मी म्हणलं, छह हैं, छोटी छोटी. ती बरसीम देते, तो रोज नाही घालायचा, रिजका (लसूणघास) तर अजूनच कमी, पूर्ण वाढलेल्या गिनी पिगला कॅल्शियम जास्त झालं की मूतखडा होतो. गव्हाचा भुसा अंथरायला घातला होता एकदा, धूळ इतकी की सगळे शिंकायला लागले, काढला. आता दूर्वाच वाळवून ठेवते. लेंड्या आणि ओलं गवत मेथीच्या वाफ्यात जातं, कचऱ्याच्या गाडीला आमच्याकडून ओला कचरा जवळजवळ मिळतच नाही.

आणि त्या दूर्वांवरून घरात भांडण. गणपतीत सासूबाई अंगणात गेल्या, एकवीस जुड्या करायच्या, तर एक धड शेंडा शिल्लक नाही. ह्या लोकांना पण नेमका तोच भाग लागतो, कोवळा तीन पात्यांचा. "उष्ट्या दूर्वा वाहू का बाप्पाला?" असं म्हणून त्या रुसून बसल्या. मी म्हणलं, आई, उंदराचे लांबचे नातेवाईक आहेत, चालेल त्याला. नाही चालत म्हणाल्या. मग तुळशीच्या बाजूचा एक चौकोन जाळी लावून बंद केला, बाप्पाचा कोटा. सगळ्या अंगणात जनावरं मोकळी आणि दूर्वा पिंजऱ्यात. जलेबी रोज त्या जाळीला नाक लावून उभी असते.

कोणी बघायला आलं की मागतात, एक द्या ना मुलासाठी. एक मी देत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर ह्यांना एकटं ठेवायला कायद्यानंच बंदी आहे म्हणतात, मी लोकांना तेच सांगते, जरा वजन पडतं बोलण्याला. तसंही आता देण्यासारखं काही नाही, पोहाचा कारखाना बंद आहे.

दर रविवारी किचनच्या काट्यावर वजन, वहीत लिहायचं. ही जनावरं दुखणं लपवतात, तोंडावर काही दिसत नाही, काटा आधी सांगतो. साबू एकदा आठवड्यात साठ ग्रॅम उतरली, बाकी अगदी ठणठणीत, दाखवलं तर मागची दाढ वाढून जिभेला लागत होती.

ह्या दिवाळीनंतर परत बाहेर काढले. जलेबी आता तीन वर्षांची झाली, चाल जरा जड, पण आगगाडीचं इंजिन अजून तीच. चिऊ दहावीत, तिला वेळ नसतो, संध्याकाळची ताटली मी वाजवते. मागच्या हिवाळ्यात एकदा शिकंजी आली नव्हती, मोजायला विसरून कडी घातली, रात्री साडेनऊला लक्षात आलं, टॉर्च घेऊन सगळं घर अंगणात, मांजर भिंतीवर, सासूबाई काठी घेऊन मांजरासमोर. शेवटी तुळशीमागे फुटक्या माठाच्या खापरीत झोपलेली सापडली. आता ताटली वाजवते, चार बाया आत जातात, पोहा दारात थांबतो, सगळ्या गेल्या की मग तो. कडी घालते, दोन पावलं चालते, परत जाऊन कडी काढते आणि मोजते. पाच.